बियाण्यालाही नेमप्लेट हवी!

कॅन्टीनमध्ये कापसाचा विषय निघाला, की पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातली पोरं जास्त, त्यामुळे विषय निघतोही वरचेवर. एक पार्टी म्हणते, "बीटी आलं म्हणून कापूस वाचला, उगाच विज्ञानाला विरोध नको." दुसरी म्हणते, "बॅक्टेरियाचा जीन झाडात घुसडला, निसर्गाशी खेळ केला, आता भोगा." मग चहा संपतो, कटिंगचे पैसे कोण देणार यावर तिसरं भांडण होतं आणि सगळे लेक्चरला जातात (किंवा जात नाहीत!).

माझं म्हणणं असं, की या दोन्ही पार्ट्या एकाच अर्धवट प्रश्नावर भांडतात. दोघंही विचारतात, "कुठला जीन टाकला?" पण "तो जीन कुठल्या बटणाला जोडला?" असं कुणीच विचारत नाही. आणि मित्रहो, आपण इंजिनीयर होऊ घातलेले लोक! नुसता पंखा बघून आपलं समाधान होता कामा नये. पंख्याला स्विच आहे का, रेग्युलेटर आहे का, तो कुणाच्या हातात आहे, हे आधी विचारायला हवं.

आता आपल्यापैकी बहुतेकांनी बारावीला बायो सोडून दोनशे मार्कांचं इलेक्ट्रॉनिक्स घेतलेलं. त्यामुळे "जीन", "डीएनए" म्हटलं की अर्धे जण पान उलटतात. थांबा! पुढचं सगळं कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरपेक्षा सोपं आहे.

झाडाच्या प्रत्येक पेशीत सगळा डीएनए असतो. मुळातल्या पेशीत जो, तोच पानातल्या पेशीत आणि तोच फुलाच्या पाकळीत. शास्त्रज्ञांच्या लाडक्या अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्याचा डीएनए २००० साली पूर्ण वाचून झाला. त्यात सुमारे सत्तावीस हजार जीन आहेत. हे सत्तावीस हजार जीन मुळातही आहेत आणि पानातही. मग मूळ हिरवं का नाही? पाकळी जमिनीतून पाणी का शोषत नाही? कारण जीन असणं वेगळं आणि जीन चालू असणं वेगळं. आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत सारखीच वायरिंग आहे, म्हणून काय प्रत्येक खोलीत रात्री दोन वाजता दिवा जळतो का? (सबमिशनच्या आदल्या रात्रीचं सोडून द्या.)

हे चालू-बंद ठरवणारा भाग म्हणजे प्रोमोटर. जीन जिथून सुरू होतो, त्याच्या लगेच आधी असलेला डीएनएचा तुकडा. त्यातून स्वतःचं कुठलंही प्रोटीन बनत नाही, पण जीनची नक्कल काढणारं यंत्र, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, तिथेच येऊन बसतं. बऱ्याच जीनमध्ये सुरुवातीच्या पंचवीस-तीस अक्षरं आधी "टाटा बॉक्स" नावाची खूण असते (जमशेदपूरशी काही संबंध नाही! टी आणि ए ही अक्षरं तिथे ओळीने येतात म्हणून हे नाव). यंत्राने कुठे बसायचं, हे ही खूण सांगते.

पण खरी गंमत त्याच्याही मागे, काहीशे ते हजारभर अक्षरांच्या पट्ट्यात असते. तिथे पाच-दहा अक्षरांच्या छोट्या छोट्या जागा असतात. प्रत्येक जागा म्हणजे एक टर्मिनल समजा. त्या टर्मिनलला येऊन चिकटणारी खास प्रोटीन असतात. काही उजेड पडला की जागी होतात, काही पाणी कमी पडलं की, काही थंडी वाजली की. कुणी "चालू कर" म्हणतं, कुणी "थांब" म्हणतं. सगळ्यांचं मिळून जे उत्तर येतं, तेवढ्या जोराने जीन चालतो. म्हणजे नुसता स्विच नाही, चक्क पॅनल बोर्ड आहे हा! सेन्सर आहेत, इंटरलॉक आहेत, टायमर आहे आणि रेग्युलेटरही आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये अशी बटणं हाताळणाऱ्या प्रोटीनचे जीन दीड हजाराच्या वर आहेत. सत्तावीस हजारांच्या कारखान्यात दीड हजार नुसते सुपरवायझर!

कुणी म्हणेल, ही सगळी लॅबमधली भाषा झाली. ठीक आहे, बाजारात चला. फेब्रुवारीत नाशिकची द्राक्षं येतात. हिरवी थॉमसन असते, काळी शरद असते. हा फरक मुळात कशातून आला? द्राक्षाच्या सालीत जांभळा रंग बनवायचा हुकूम एक जीन देतो. २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हिरव्या द्राक्षांत या जीनच्या प्रोमोटरमध्ये डीएनएचा एक लांबलचक उपरा तुकडा घुसून बसला आहे. असे तुकडे स्वतःची नक्कल काढून डीएनएमध्ये इकडेतिकडे घुसत असतात. इथे तो नेमका बटणात घुसला आणि बटण जाम झालं. (शेजारचा तसाच दुसरा जीनही बिघडलेला असतो, म्हणून हिरवा रंग पक्का राहतो.) गंमत म्हणजे 'इटालिया' या हिरव्या वाणाच्या वेलीवर पुढे लाल द्राक्षं लागली. त्या लाल वाणाचं नाव 'रुबी ओकुयामा'. त्यात तो घुसखोर तुकडा बहुतांश निघून गेलेला आढळला. अडकलेली काडी काढली, बटण पुन्हा दाबलं गेलं! हे कुठल्याही कंपनीने केलेलं नाही, वेलीवर आपोआप झालं. माणसाने फक्त आवडला तो वेल जपला आणि त्याची कलमं केली.

मक्याचीही तीच कथा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी टिओसिंटे नावाच्या झुडपासारख्या फुटव्याच्या गवतापासून मका तयार केला. एकच सरळ धांडा आणि त्याला मोठं कणीस, हे रूप येण्यात एका जीनचा मोठा वाटा आहे. तो जीन फांद्या फुटू देत नाही. आता मजा बघा, हा जीन टिओसिंटेतही आहे. फरक आहे तो जीनपासून सुमारे साठ हजार अक्षरं दूर असलेल्या नियंत्रणाच्या जागेत. तिथेही असाच एक उपरा तुकडा बसला आणि त्याने आवाज वाढवला. २०११ साली हे सिद्ध झालं. म्हणजे शेतकरी हजारो वर्षं बियाणं निवडत आले, त्यात त्यांनी कितीतरी वेळा नवा जीन नव्हे, तर नवं बटण निवडलं.

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येऊ. माणूस स्वतः जीन बसवायला लागला, तेव्हा बटण कुठलं वापरलं?

फ्लॉवर-कोबीला एक विषाणू लागतो, कॉलिफ्लॉवर मोझॅक व्हायरस. त्याचा एक प्रोमोटर आहे, नाव '३५एस'. विषाणूला झाडाची फिकीर कशाला? त्याला आपला माल कुठेही, कधीही, भरपूर बनवून हवा. त्यामुळे हा प्रोमोटर मुळात, खोडात, पानात जवळजवळ सगळीकडे आणि जवळजवळ सदा चालू राहतो. १९८५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात नाम-हाय चुआ यांच्या गटाने त्यातला कामाचा भाग नेमका शोधून काढला आणि मग जगभर ज्याला त्याला ३५एस! जनुकीय बदल केलेल्या पिकांमध्ये तो इतका सर्रास वापरला गेला, की मालात असं पीक मिसळलं आहे का हे तपासणारी लॅब बहुतेक वेळा आधी ३५एसच शोधते.

आमच्याकडे शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरवर 'ऑटो' बसवलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. रात्री-अपरात्री उठावं लागत नाही, ही सोय. पण शेतात गुडघाभर पाणी असो, पाइप फुटलेला असो, मोटार सुरू म्हणजे सुरू! ३५एस म्हणजे हा 'ऑटो'. बसवायला सोपा, जोमदार, पण त्याला पिकाची गरज कळत नाही.

काही लोकांनी या ३५एसची भलतीच भीती घातली होती. विषाणूचा तुकडा आहे, खाल्ला तर काय होईल वगैरे. ही भीती मला पटत नाही. या विषाणूची लागण झालेला फ्लॉवर आणि कोबी माणसं पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत. मेसच्या फ्लॉवर-बटाट्याबद्दल आपल्या तक्रारी शंभर असतील, पण ही त्यातली नव्हे. प्रश्न विषाचा नाही, तो डिझाइनचा आहे. सदा चालू राहणारं यंत्र चांगलं डिझाइन असतं का?

दोन प्रयोग सांगतो. १९९९ साली जपानमध्ये काझुको यामागुची-शिनोझाकी आणि काझुओ शिनोझाकी यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसमध्ये दुष्काळाशी झुंजायला लावणारा एक जीन घातला. तो ३५एसला जोडला, तेव्हा रोपं दुष्काळात, थंडीत टिकली खरी, पण चांगल्या दिवसांतही खुरटलेलीच राहिली. साहजिकच आहे. रोज रात्री उद्या परीक्षा आहे असं समजून जागणारा मुलगा तब्येतीने कसा राहील? मग त्यांनी तोच जीन पाणी कमी पडलं की चालू होणाऱ्या प्रोमोटरला जोडला. आता रोपांची वाढ जवळजवळ नेहमीसारखी झाली आणि दुष्काळात ती आधीपेक्षाही जास्त टिकली. जीन तोच होता, बदललं होतं फक्त बटण.

दुसरा प्रयोग त्याआधीचा, १९९० चा. अमेरिकेत पेटुनियाचं जांभळं फूल अजून गडद करायचं म्हणून रंगाचाच एक जादा जीन ३५एसवर चढवून घातला. सरळ हिशेब होता, जीन दुप्पट तर रंगही जास्त. झालं उलटंच! सुमारे ४२ टक्के झाडांना पांढरी किंवा पांढरे पट्टे असलेली फुलं आली. एवढा गोंगाट झाल्यावर झाडाने तो जादा आणि आपला मूळचा, असे दोन्ही आवाज दाबून टाकले होते. झाडालाही त्याची स्वतःची संरक्षक यंत्रणा असते आणि आपण किती जोर लावतो याकडे तिचं लक्ष असतं, हा त्यातला धडा.

आता "बटणाने एवढा काय फरक पडतो?" असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांच्यासाठी मक्याचं उदाहरण. अमेरिकेत १९९९ साली मोठी खळबळ उडाली होती. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगात बीटी मक्याचे परागकण भुरभुरलेली पानं खाऊन मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मेल्या. मोनार्क म्हणजे तिकडच्या लोकांचा जीव की प्राण! मग सविस्तर अभ्यास झाले आणि २००१ मध्ये निष्कर्ष आले. त्यात दिसलं, की सगळे बीटी मके सारखे नाहीत. 'इव्हेंट १७६' नावाच्या मक्यात बीटीच्या जीनला हिरव्या भागात चालणारा एक आणि खास परागकणांत चालणारा एक, असे दोन प्रोमोटर लावले होते. त्याचे परागकण अळ्यांना खरोखरच घातक होते. दुसरा होता 'मॉन ८१०'. त्यात बीटीचा तोच जीन ३५एसवर होता. ३५एस परागकणांत फारसा चालत नाही, त्यामुळे त्यापासून धोका नगण्य निघाला. इव्हेंट १७६ ची अमेरिकेतली नोंदणी २००१ मध्येच संपली. आता सांगा, "बीटी मका फुलपाखरं मारतो का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं एक उत्तर आहे का? नाही. "कुठल्या प्रोमोटरचा बीटी मका?" हे विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. (आणि इथे बदनाम ३५एसच सज्जन ठरला, हेही लक्षात घ्या. कुठलंही बटण मुळात चांगलं किंवा वाईट नसतं, ते कुठे लावलं याला महत्त्व.)

आणि आता घरचा विषय, कापूस. भारतात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. जालन्याच्या महिकोचे तीन संकरित वाण होते ते. त्यात क्राय-१एसी हा जीन आणि त्याला जोडलेला ३५एसचाच जास्त जोरकस केलेला अवतार. नावाप्रमाणे तो सगळीकडे, सदासर्वकाळ सारखा चालायला हवा होता ना? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं आणि २००५ साली निष्कर्ष छापले. विष सगळ्यांत जास्त पानांत होतं. पाती, फुलातलं बीजांड आणि बोंडाची साल, म्हणजे बोंडअळी नेमकी जिथे तोंड घालते तिथेच ते कमी होतं. शिवाय झाडाचं वय वाढेल तसं प्रमाण घटत गेलं. पेरणीनंतर साधारण ११० दिवसांनी ते अळी मरायला लागणाऱ्या पातळीच्याही खाली आलं. वाणावाणांत फरक होता तो वेगळाच.

म्हणजे वॉचमन चोवीस तास ड्युटीवर, पण बसतो गेटपासून लांब आणि पहाटे चोर यायच्या वेळी पेंगतो!

अर्धवट डोस किती वाईट, हे डॉक्टर आपल्याला अँटिबायोटिकबद्दल सांगतातच. थोडं विष मिळालं, की ज्या अळ्यांमध्ये थोडी सहनशक्ती आहे त्या जगतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते. २०१० मध्ये गुजरातमधल्या गुलाबी बोंडअळीने क्राय-१एसी पचवल्याचं जाहीर झालं. दोन जीनचं बोलगार्ड-२ २००६ पासून बाजारात होतं, पुढे तेही पचवलं गेलं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने काय केलं, ते इथल्या निम्म्या पोरांनी घरी पाहिलं आहे. बोंड बाहेरून धडधाकट दिसतं आणि आत किडकी सरकी निघते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंमागे बरीच कारणं होती, त्यांचा थेट संबंध मी प्रोमोटरशी जोडत नाही. पण ज्या पिकात "फवारणी कमी होईल" असं सांगितलं होतं, त्यात शेवटी पंप पाठीवर घ्यावाच लागला, हे तर खरं ना?

इथे मी प्रामाणिकपणे सांगायला हवं, की सगळं खापर प्रोमोटरवर फोडता येणार नाही. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं मिळायचं. ते कडेने पेरायचं, म्हणजे तिथल्या साध्या अळ्यांशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ होते. ते किती जणांनी पेरलं? फरदड ठेवायची सवय, त्यामुळे अळीला वर्षभर घर. शिवाय आपल्याकडचं बीटी संकरित वाणांतलं. एका जीनच्या संकरित झाडाच्या बोंडात चारांतल्या साधारण एका सरकीत तो जीन उतरतच नाही, मग बटण कितीही चांगलं असलं तरी काय उपयोग? ही सगळी कारणं खरी आहेत. पण "कुठल्या भागात, कितव्या दिवशी, किती?" हा प्रश्न २००२ च्या आधीपासून गावागावांत विचारला गेला असता, तर नव्वद-शंभर दिवसांनंतर बोंडांवर नजर ठेवायला शेतकरी आधीच तयार राहिला असता, असं मला ठामपणे वाटतं. त्याच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, "बीटी आहे, अळी लागत नाही."

आता कुणी म्हणेल, "अरे, जुनं झालं हे. आता जीन एडिटिंगचा जमाना आहे." बरोबर! आणि म्हणूनच हा विषय आज जास्त महत्त्वाचा आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने एक निर्णय घेतला. बाहेरचा डीएनए अंतिम झाडात शिल्लक राहत नसेल, तर काही प्रकारची एडिट केलेली पिकं १९८९ च्या नियमांतल्या मोठ्या चाळणीतून मोकळी. मे २०२५ मध्ये अशा भाताचे दोन वाण जाहीरही झाले. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा 'कमला' आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा डीएसटी राइस १'. या दोन्हींत झाडाच्या स्वतःच्याच जीनमध्ये बारीक बदल केले आहेत. माझा त्यांना विरोध नाही, उलट आपल्या सरकारी संस्थांनी हे केलं याचा आनंदच आहे.

पण नियमाचा प्रश्न बघा. "बाहेरचं आहे का?" नाही ना? मग जा. पुन्हा तेच, कुठला जीन! आता बटणाकडे बघा. २०१७ साली अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे झॅकरी लिपमन यांच्या गटाने टोमॅटोच्या एका जीनला हात न लावता त्याच्या प्रोमोटरमध्ये ठिकठिकाणी कात्री चालवली. त्यातून रांगेने वेगवेगळी झाडं मिळाली. कुणाच्या फळात कप्पे थोडे, कुणाच्यात मधले, कुणाच्यात भरपूर. जणू पंख्याचा रेग्युलेटर एक ते पाचवर फिरवला! बाहेरचं एक अक्षर नाही, जीन जागच्या जागी, तरी फळ बदललं. म्हणजे "बाहेरचं आहे का?" या प्रश्नावर उत्तर "नाही" येऊनसुद्धा झाड बरंच बदललेलं असू शकतं. आणि उलट, बाहेरचा जीन असूनही तो योग्य जागी, योग्य वेळी, मोजका चालत असेल, तर तो निरुपद्रवी असू शकतो. उपरं की घरचं, या एका चाळणीवर भरवसा ठेवणं म्हणजे व्हायवाला फक्त रोल नंबर विचारून मार्क देण्यासारखं आहे.

मग करायचं काय? माझी मागणी साधी आहे आणि ती आपल्याच वर्कशॉपमधून उचललेली आहे.

मशीन लॅबमधल्या कुठल्याही मोटारीला पत्र्याची नेमप्लेट असते. व्होल्टेज किती, करंट किती, आरपीएम किती आणि ड्युटी कुठली. एस-१ म्हणजे सतत चालणारी, एस-२ म्हणजे थोडा वेळ, एस-३ म्हणजे थांबत थांबत. नेमप्लेट नसलेली मोटार आपले लॅब असिस्टंट काका जोडू देतील का? हात लावू देणार नाहीत! मग ज्या बियाण्यावर एका घराचं अख्खं वर्ष अवलंबून असतं, त्याला नेमप्लेट का नको? बदललेलं कुठलंही पीक असो, उपऱ्या जीनचं असो की एडिट केलेलं, पाकिटावर मराठीत तीन ओळी छापा. हा गुण झाडाच्या कुठल्या भागात चालतो, कितव्या दिवसापासून कितव्या दिवसापर्यंत चालतो, किती प्रमाणात चालतो. बस्स!

यावर आक्षेप येतात. पहिला, "शेतकऱ्याला हे काय कळणार?" हा आक्षेप घेणाऱ्याने पात्या केव्हा लागतात, बोंड केव्हा भरतं, कुठलं औषध कितव्या दिवशी मारायचं, हे एकदा कुठल्याही कापूसवाल्याला विचारावं. तो दिवसांतच बोलतो. "शंभर दिवसांनंतर बोंडात संरक्षण कमी" हे वाक्य त्याला आपल्यापेक्षा लवकर कळेल.

दुसरा आक्षेप, "ही माहिती गोळा करायला खर्च येतो." जनुकीय बदलाच्या पिकाला मंजुरी मागताना प्रोटीन कुठल्या भागात किती बनतं याची मोजमापं द्यावीच लागतात. ती फाइलमध्ये आहेतच, पाकिटावर आणायची आहेत. एडिट केलेल्या वाणांसाठी मोजावं लागेल, पण तेवढं मोजल्याशिवाय वाण बाजारात आणायची घाई तरी कशाला?

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. "झाड म्हणजे मोटार नव्हे. ऊन, पाणी, खत, वाण यांप्रमाणे जीनचं चालणं बदलतं, मग एकच आकडा कसा छापणार?" शंभर टक्के मान्य. प्रोमोटर हा आपल्या भिंतीवरच्या बटणासारखा मुका नसतो. तो ऐकतो, आणि शेजारचा डीएनए घट्ट गुंडाळलेला आहे की सैल यावरही त्याचं चालणं ठरतं. पण भोवतालची हवा चाळीस डिग्रीच्या वर तापली की आपण मोटारीचंही रेटिंग उतरवतोच की! एक आकडा नको, किमान आणि कमाल छापा. "कोरडवाहूत कमी" असेल तर तसं लिहा. नक्की सांगता येत नाही म्हणून काहीच न सांगणं, हे कुठल्याही शाखेच्या इंजिनीयरला शोभत नाही.

आणि यात आपलं काम काय? आहे ना! पानात किती प्रोटीन आहे हे शेतात उभं राहून दाखवणारी पट्टी मिळते, पण ती बहुतेक "आहे किंवा नाही" एवढंच सांगते. बोंडात नेमकं किती आहे हे बांधावर, स्वस्तात सांगणारं उपकरण हा इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांसाठी फायनल इयरचा झकास प्रोजेक्ट आहे. झाडावरच्या शेकडो मोजमापांतून "या आठवड्यात फवारणी लागेल का?" हे काढणं कॉम्प्युटरवाल्यांना जमू शकतं. दरवर्षी तीच होम ऑटोमेशनची आणि लाइन फॉलोअर रोबोची प्रोजेक्ट्स नवीन कव्हर चढवून बाइंडिंगला जातात, त्यापेक्षा हे बरं नाही का? प्रोजेक्ट गाइड सरांनी आणि मॅडमनीही यावर जरूर विचार करावा, जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या एखाद्या प्राध्यापकांना एका शनिवारी बोलवावं, ही नम्र विनंती. चहाचा खर्च आम्ही हॉस्टेलवाले वर्गणी काढून करू.

जीन बसवणं आता अवघड राहिलेलं नाही. तो कुठे, केव्हा आणि किती चालावा, हे ठरवणं अवघड आहे. आणि जे ठरवलं ते पेरणाऱ्याला सांगणं अवघड नाही, पण ते अजून पुरेसं होत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांची फी कापसाच्या पट्टीतून भरली जाते. निदान त्यांनी तरी पुढच्या वेळी कृषी केंद्रात पाकीट हातात घेतल्यावर दुकानदाराला एवढं विचारावं, "भाऊ, हे बोंडात किती दिवस चालतं?" त्याला उत्तर देता येणार नाही कदाचित. पण दहा जणांनी विचारलं, तर तो कंपनीला विचारेल. आणि शंभर जणांनी विचारलं, तर कंपनीला ते छापावं लागेल.